पेला भिरकावण्याइतकी पेन्शन

आमच्या संस्थेत सगळ्या जणी मला कटकटबाई म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात, असा त्यांचा समज आहे. पण आमची खोली ती केवढीशी! चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली, त्यात एक टेबल, सहा खुर्च्या आणि शिकवण्यापुरता एक लोखंडी पलंग. तिथे पाठीमागे असं काही होतच नाही. म्हणू देत. मी कटकट केली नसती तर ह्यातल्या निम्म्या बायका म्हातारपणी कुणाच्या तरी दारात हात पसरून बसल्या असत्या, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

आम्ही घरोघर बायका पाठवतो. अंथरुणाला खिळलेली माणसं, म्हातारी माणसं, ऑपरेशन होऊन घरी आलेली माणसं, सगळ्यांना सांभाळायला. पगार ठरलेला असतो. पण त्याशिवाय माझा एक नियम आहे आणि त्यासाठीच मी बदनाम आहे. जे घर आमची बाई ठेवेल, त्या घराने दर महिन्याला तिच्या पेन्शनच्या खात्यात वाटा भरायचा. तेवढाच वाटा बाईच्या पगारातून जातो. साठ पूर्ण होईपर्यंत भरत राहिलं तर पुढे मरेपर्यंत दरमहा पेन्शन. मधे सोडलं तर भरलेले तेवढे पैसे हातात, आणि या आता.

दोन्हीकडून शिव्या मीच खाते. घरवाले म्हणतात, "पगार देतो ना? वर आणि हे कशाला?" मी म्हणते, "तुमच्या ऑफिसात तुमच्यासाठी भरतात की नाही? मग?" बायका म्हणतात, "कटकटबाई, आत्ताच हातातोंडाची गाठ पडत नाही, म्हातारपणाचं कुठे घेऊन बसलात!" परवा एक पोरगी म्हणाली, "मी म्हातारी होईपर्यंत जगणारच नाही." मी म्हटलं, "बाई गं, असं म्हणणाऱ्याच नव्वदीला टेकतात. तुझ्या हाताखाली आत्ता कोण आहे?" तिच्या हाताखाली होत्या एक्याण्णव वर्षांच्या बाई. तिने मुकाट्याने सही केली.

दिवसभर म्हातारपण धुवायचं, पुसायचं, भरवायचं, आणि स्वतःला ते येणारच नाही अशा थाटात फिरायचं! डॉक्टर निदान सिगारेट ओढतात तेव्हा थोडे तरी लाजतात. आमच्या बायकांना तेवढीही लाज नाही.

पण सगळ्यांत मोठा घोळ घातला तो माझ्या नणंदेने. वन्सं. हे काम मला शिकवलं तेच मुळी त्यांनी. लग्न होऊन आले तेव्हा मला साधी उशी नीट ठेवता येत नव्हती. वन्सं ऐन तरुणपणी विधवा झाल्या, मूलबाळ नाही, भावाच्या घरी राहायचं नाही म्हणून हट्टाने एकट्या राहिल्या आणि ज्या घरी काम, त्या घरी मुक्काम असं आयुष्य काढलं. स्वतःच्या हातांनी त्यांनी किती माणसं शेवटापर्यंत नेली त्याची गणती नाही. आता वय अठ्ठावन्न. म्हणजे दोनच वर्षं. दोन वर्षं वाटा भरला की जन्मभराची पेन्शन.

एका दुपारी जिना चढून आल्या, खुर्चीवर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "वहिनी, माझं नाव काढून टाका संस्थेतून."

मला वाटलं थट्टा करतायत. त्या ज्यांना सांभाळत होत्या त्या आजी महिन्यापूर्वी गेल्या होत्या. ह्या आजी म्हणजे तोफ. एके काळी मोठ्या हुद्द्यावर होत्या, आणि निवृत्त झाल्या तरी हुद्दा काही अंगावरून उतरला नव्हता. वन्सं सात वर्षं त्यांच्यापाशी होत्या. मी म्हटलं, "दमलात का? पंधरा दिवस विश्रांती घ्या. मग नवीन घर बघू."

"नवीन घर नको. आजींच्या सूनबाई म्हणाल्या, मावशी, आता तुम्ही कुठे जायचं नाही. आमच्याच होऊन राहा. आजींची खोली मला दिलीय. खायचं, प्यायचं, कपडालत्ता सगळं त्यांच्याकडे. म्हणाल्या, पुढेमागे काही झालं तर आम्ही आहोत ना."

"आणि पगार?"

"घरच्या माणसाला कुणी पगार देतं का?"

"आणि वाटा?"

वन्सं खिडकीबाहेर बघू लागल्या. खाली चपलांवर हातोडी पडत होती.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! "वन्सं, दोन वर्षं राहिलीत. दोन! घोडं गंगेत न्हायलं म्हणायची वेळ आली आणि तुम्ही काठावरून परत निघालात?"

"वहिनी, तुम्हाला घर आहे," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी तुम्ही आपल्या दाराचं कुलूप काढता. मी चाळीस वर्षं दुसऱ्याच्या कॉटशेजारी गादी टाकून झोपले. मला कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं की इथेच राहा. पेन्शन काय मला 'जेवलीस का' विचारणार आहे?"

पण मी कटकटबाई. म्हटलं, "आणि उद्या तुम्ही पडलात तर? तुमचं कोण करणार?"

वन्सं माझ्याकडे बघून हसल्या. खरंच आश्चर्य वाटल्यासारख्या हसल्या. "अहो, करतात की. मी नाही इतक्यांचं केलं? म्हाताऱ्या माणसाचं कुणीतरी करतंच."

तेव्हा मला कळलं, वन्सं चुकल्यात कुठे. जन्मभर त्यांनी जी जी खोली पाहिली, त्या प्रत्येक खोलीत म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी एक बाई होती. म्हणून त्यांना वाटायला लागलं की म्हातारपणाबरोबर बाई येतेच, जसे पांढरे केस येतात. ती बाई त्या स्वतः होत्या आणि त्या पगार घेत होत्या, एवढंच त्या विसरल्या. ही चूक दुसऱ्या कुणाला करताही आली नसती.

मी त्यांना हे सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणाल्या, "तुम्ही एकदा घरी या, सूनबाईंना भेटा. माणसं चांगली आहेत."

आणि गंमत सांगू? माणसं खरोखरच चांगली होती. तीच तर पंचाईत. वाईट असती तर मी दोन वाक्यांत निकाल लावला असता.

रविवारी सकाळी गेले. सूनबाईंनी स्वतः दार उघडलं, चहा स्वतः केला, आणि वन्सं उठायला लागल्या तर त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. आजींची खोली दाखवली. भिंतींना नवा रंग, खिडकीला नवे पडदे. पलंग मात्र तोच, बाजूला कठडे असलेला, हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करता येणारा. "चांगला आहे, कशाला काढायचा," सूनबाई म्हणाल्या. त्यांचे यजमान, आजींचे चिरंजीव, ते दारातच उभे राहून मान हलवत होते.

मी विचारलं, "मग वन्संनी दिवसभर करायचं काय?"

"काही नाही हो! आराम करायचा. थोडं स्वयंपाकघर बघतील, मुलं शाळेतून आली की त्यांचं खाणं. आम्ही दोघं कामावर. कुणीतरी मोठं माणूस घरात असलं की बरं."

"म्हणजे स्वयंपाक आणि मुलं. ह्याला आमच्या संस्थेत काम म्हणतात."

"असं काय बोलता," सूनबाईंचा चेहरा उतरला. "आम्ही मावशींना कामवाली समजतच नाही. त्या आमच्या घरच्याच आहेत."

"ठीक. मग उद्या ह्या घरच्या बाईला लकवा झाला तर?"

"वहिनी!" वन्सं ओरडल्या.

"मी विचारणार. माझा तो धंदाच आहे."

"आम्ही करू ना," सूनबाई म्हणाल्या. डोळ्याला डोळा भिडवून म्हणाल्या, खोटं बोलत नव्हत्या. पण आम्ही करू, आम्ही बघू, आम्ही आहोत ना, हे मी इतक्या घरांत ऐकलंय! बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. माझं डोकं फिरलं. मी उठले आणि म्हटलं, "करून दाखवा. वन्सं, झोपा त्या पलंगावर."

मला वाटलं आता मला घराबाहेर काढतील. पण सूनबाईंनी पदर खोचला. त्यांनाही राग आला होता. म्हणाल्या, "झोपा मावशी. होऊन जाऊ दे."

वन्सं पलंगावर आडव्या झाल्या. आमच्याकडे नवीन बायकांना शिकवताना पेशंट म्हणून कायम मी झोपते, कारण मी सडपातळ आणि वन्सं शिकवणाऱ्या. त्या कधी झोपल्याच नव्हत्या. बायांनो, चाळीस वर्षं पलंगाच्या बाजूला आणि एक दिवस पलंगात नाही!

मी म्हटलं, "अंगात हालचाल नाही असं समजायचं. पेशंट पलंगातच आणि खालची चादर बदलायची."

मला वाटलं होतं, हिची फजिती होईल आणि मी जिंकेन. कसलं काय! बाईने पलीकडचा कठडा वर केला. वन्संचा गुडघा दुमडला, एक हात खांद्यावर, एक कमरेवर, आणि अलगद त्यांना कुशीवर वळवलं. जुनी चादर लांबीने गुंडाळत पाठीपर्यंत आणली, नवी तिला लागून अंथरली, मग पलीकडे जाऊन त्यांना त्या गुंडाळीवरून दुसऱ्या कुशीवर घेतलं आणि जुनी ओढून काढली. एक सुरकुती नाही. सात वर्षं वन्संना बघत होती ती. मी तोंडात बोट घातलं.

मधेच, भिंतीकडे तोंड असताना, वन्सं म्हणाल्या, "जरा पाणी द्याल का?"

"हो हं, थांबा, एवढं होऊ दे," सूनबाई म्हणाल्या. गोड आवाजात. मुलाला म्हणतात तशा.

बस्स, एवढंच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही सगळ्याच तसं म्हणतो. हात अडकलेले असताना पाणी कुठून देणार? चादर झाली, सूनबाईंनी पेला भरून आणला, मान उचलून दोन घोट पाजले, तोंडसुद्धा पुसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झालं समाधान?"

हरले होते मी. साफ हरले होते. म्हटलं, "छान केलंत." आणि पर्स उचलली.

वन्सं उठल्या नव्हत्या. छताकडे बघत पडल्या होत्या. सूनबाई म्हणाल्या, "मावशी, उठा आता." तेव्हा त्या सावकाश उठून बसल्या, पाय खाली सोडले आणि म्हणाल्या, "मी 'द्याल का' म्हटलं."

"काय?"

"पाणी मागताना. 'द्याल का' म्हटलं. आणि तुम्ही थांबा म्हणालात तर मी थांबले. तहान लागली होती मला, खरोखरची, पण वाटलं, बिचारी आपलं एवढं करतेय, आपण कशाला घाई करायची." वन्सं हातांकडे बघत होत्या. "आजी कधी 'देशील का' म्हणाल्या होत्या? 'पाणी!' म्हणायच्या. उशीर झाला की पेला भिरकावायच्या. दोनदा मला लागलाय. भवाने, हात मोडले का तुझे, म्हणायच्या. मी मनात चरफडायचे आणि दुसरा पेला भरायचे. आणि का भरायचे? माझा पगार त्यांच्या पेन्शनमधून निघायचा. दर महिन्याला स्वतः सही करायच्या. तुम्ही कधी दिला नाहीत तो पगार, आजींनीच दिला. माझा वाटासुद्धा त्यांनीच भरला. सही करताना म्हणायच्या, भर बाई, तूही माझ्यासारखी खडूस म्हातारी हो."

सूनबाई हसल्या, आणि लगेच त्यांचे डोळे भरले.

"तुम्ही माझं कराल," वन्सं म्हणाल्या. "मला पटलं. आत्ता बघितलं ना मी. पण ह्या पलंगावर पडून मला तुमच्याकडे पेला भिरकावता येणार नाही. मी इथे पडून राहीन आणि गोड वागेन. मरेपर्यंत गोड वागेन. नाही हो जमणार मला."

"मावशी, तुम्ही आमच्यावर रागवा, ओरडा, आम्ही काही..."

"फुकटचं खाऊन ओरडता येत नाही, सूनबाई. जीभच वळत नाही." मग त्या उभ्या राहिल्या. "मी राहते. मला राहायचंच आहे. स्वयंपाक करीन, मुलांचं करीन. पण पगार द्या आणि दोन वर्षं वाटा भरा. माया करायला कुणाची ना आहे? आजींची माझ्यावर नव्हती का?"

आता आजींचे चिरंजीव दारातून आत आले. शांतपणे बोलले, आवाज चढवला नाही. "हे बघा मावशी, पगार म्हटलं की तो व्यवहार झाला. आता घरात आजारी कुणी नाही. पगारी बाई ठेवायची तर आम्हाला गरजच नाही. आम्ही प्रेमाने म्हणत होतो."

खोलीत नव्या रंगाचा वास भरून राहिला होता. मला त्या माणसाचे कान उपटावेसे वाटले. म्हणजे काम आहे, पण फुकट असेल तरच प्रेम! मी तोंड उघडणार एवढ्यात वन्संनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "गरज नसेल तर नाही."

सूनबाई रडत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, वन्संकडे बघितलं. वन्संनी कपाटातून आपली बॅग काढली, चार कपडे भरले. निघताना सूनबाईंना जवळ घेतलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मुलं घरी नव्हती ते एक बरं झालं.

जिना उतरताना मी जिंकल्याच्या तोऱ्यात होते. "शाब्बास वन्सं! काय बोललात!"

पहिल्या मजल्यावर त्या थांबल्या, बॅग खाली टाकली आणि माझ्यावर तुटून पडल्या. "गप्प बसा! शाब्बास म्हणे! तुम्ही आला नसतात तर मी सुखात राहिले असते त्या खोलीत. पडदे पाहिलेत का? माझ्या आवडीचा रंग विचारून आणले होते त्यांनी. माझ्या आवडीचा! जन्मात कुणी विचारला होता का? झोपा म्हणे पलंगावर. मेलीने मला पलंगावर झोपवलं!" आणि पायरीवर बसून हमसून हमसून रडल्या. मी शेजारी बसले. वरून एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन उतरले, त्यांना वाट दिली. चांगली माणसं, नवे पडदे, हे मी वन्संकडून काढून घेतलं होतं आणि बदल्यात देत काय होते, तर दोन वर्षांनी बँकेत येणारे पैसे.

मग वन्सं नाक पुसून म्हणाल्या, "आता रात्री झोपायचं कुठे?"

"माझ्याकडे. तुमच्या भावाकडे."

"दोन दिवस. फार तर तीन. मग मला काम द्या. आणि गोड माणसं नकोत. भांडकुदळ बघा कुणीतरी."

भांडकुदळ मिळायला आमच्याकडे काय तोटा! एक निवृत्त इंजिनिअर होते, कमरेचं हाड मोडून पडलेले. आमच्या दोन बायका आधीच पळवून लावल्या होत्या त्यांनी. बुधवारी मी वन्संना घेऊन त्यांच्याकडे गेले. नवीन घरी पहिल्या दिवशी मीच बरोबर जाते, कारण वाट्याचं बोलणं बायकांना जमत नाही. मान खाली घालतात, पदर चाचपतात, आणि "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या" म्हणून मोकळ्या होतात. वन्संनीसुद्धा इतक्या वर्षांत हा विषय स्वतःच्या तोंडाने कधी काढला नव्हता. वाटेत मी मनात सगळं घोकत होते, आधी पगार, मग नियम, मग वाटा.

म्हातारा पलंगावर पडून छताला शिव्या देत होता. आम्हाला पाहून म्हणाला, "तिसरी आणलीत? ही किती दिवस टिकेल?"

वन्सं उंबऱ्यावरच थांबल्या. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"टिकेन की. पण आधी एक ऐकून घ्या. पगार महिन्याच्या महिन्याला, आणि वर माझ्या पेन्शनचा वाटा. तुम्ही भरायचा. पहिल्या महिन्यापासून."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर कूस तुमची तुम्ही बदला."

म्हाताऱ्याने मान वळवून वन्संकडे नीट बघितलं, खालपासून वरपर्यंत. मग त्याने माझ्याकडे बघितलं, कारण बोलणी करायला मी आलेय हे त्याला ठाऊक होतं.

"काय हो बाई," तो गुरगुरला, "वाटा किती हिचा?"

मी सांगायला तोंड उघडलं.

"त्यांना काय विचारता?" वन्सं म्हणाल्या. "म्हातारी मी होणार आहे. मला विचारा."